शेवटचा हात

सांगतो, पण एका अटीवर. मधीच कुणी ‘अरेरे’ म्हणायचं न्हाई. हसायचं तेवढं हसा. लोक आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी शहाणा! मी आधी चारचौघांना गोळा केलं, धोंडा नीट बघून घेतला, आणि मग पाडला.

मघापासून तुम्ही रोबोट कसा चालतो, रोबोट कसा चालतो करायलाव. त्या शिकलेल्या पावण्याला काय विचारायलाव? मला विचारा! आमच्या कारखान्यातल्या रोबोटला वीज सरकारनं दिली, तेल शेटजीनं दिलं, आणि अक्कल ह्या किसननं दिली. होती नव्हती तेवढी सगळी दिली. म्हणून तर आता माझ्याजवळ उरली न्हाई.

मी मूळचा जनवाड्याचा. रंगकाम शिकायला बीदरला आलो तेव्हा मिसरूड बी फुटलं नव्हतं. आम्ही नवे नवे बौद्ध. गावात आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं. बीदरला जीपगाड्या रंगवणारे एक उस्ताद होते, त्यांनी जातपात काही विचारली न्हाई. हातात पॉलिशपेपर दिला आणि म्हणले, “घिस!” दोन वर्षं घासलं. मग बंदूक हातात आली. गोळीची नव्हे हो, रंगाची! हवेच्या जोरावर रंग फवारते ती.

उस्तादांनी सगळं शिकवलं. एक सोडून. शेवटचा हात.

आता ह्यो शेवटचा हात म्हणजे काय? जीप असो का कपाट, रंगाचे दोन हात झाले की वरून एक पातळ हात मारायचा असतो. बंदूक वीतभर मागं घ्यायची, कोपऱ्याशी मनगट उलटं वळवायचं, आणि कड यायच्या आधीच घोडा सोडायचा. जमलं तर पत्र्याचा आरसा होतो. न्हाई जमलं तर ओघळ उतरतात, लेकराच्या नाकासारखे. आणि ती वेळ आली की उस्ताद नेमके म्हणायचे, “किसन, जा रे, चाय लेको आ.”

एकदा मी चहाला गेलोच न्हाई. दारात दुसरी जीप उभी होती, तिच्या आरशात बघून चोरला मी त्यो हात! उस्तादांचं चुकलं असं मला कधी वाटलं न्हाई. धंद्याचा कायदाच त्यो. सगळं देऊन टाकलं तर मग आपल्याला विचारतो कोण?

पुढं हुमनाबाद रस्त्याला लोखंडी कपाटांचा कारखाना निघाला, तिथं मी रंगारी झालो. शेटजी हैदराबादचे. माझ्या कपाटाच्या दारात बघून मिशी विंचरायचे, एवढी चमक! काही वर्षांनी बायकोनं, शांतानं, तिच्या भावाला माझ्या हाताखाली लावलं. दिगंबर. आम्ही दिगू म्हणायचो. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. माणूस शांत, हात चांगला, पण कागदावर हेल्पर. कामून? तर शेवटचा हात येत न्हाई म्हणून.

“दाजी, शेवटचा हात एकदा दाखवा की,” त्यो म्हणायचा.

“दाखवतो की! पळून चाललाय का त्यो? आधी चहा घेऊन ये.”

सहा वर्षं! सहा वर्षं त्यानं चहा वाहिला. हाटेलवाल्याच्या घरी लगीन निघालं तर पहिली पत्रिका दिगूला! इकडं शांता माझ्या मागं लागायची. “माझ्या भावाला शिकवत न्हाईत कामून तुम्ही?” मी म्हणायचो, “बघून शिकावं माणसानं.” बघायच्या वेळी मीच त्याला चहाला पिटाळतो, हे तिला कुठं ठाऊक?

तर अशात एक दिवस कारखान्यात मोठी पेटी उतरली. शेटजीनं सांगितलं, रोबोट आलाय. परदेशात कुठल्याशा मोटारीच्या कारखान्यात वापरून झालेला, एक महिन्याच्या बोलीवर आणलेला. आम्ही सगळे पेटीभोवती गोळा. लोखंडाचा माणूस निघणार, दोन डोळे लुकलुकणार, शेटजीला सलाम ठोकणार, काय काय बोलायलो होतो आम्ही! पेटी उघडली तर आत नुसता एक हात. खांदा हाय, कोपर हाय, मनगट हाय, वर मुंडी न्हाई, खाली पाय न्हाई. एका खांबावर बसवलेला.

“बाकीचा माणूस मागच्या गाडीनं यायलाय का?” मी विचारलं.

सोबत बेंगळूरचे इंजिनिअर आले होते. पोरसवदा, गोड माणूस. मला अण्णा म्हणायचे. कन्नड, हिंदी आणि हातवारे मिसळून त्यांनी आम्हाला समजावलं. ह्या हातातनं तेल खेळतंय, तेलाच्या दाबानं सांधे हलतात. प्रत्येक सांध्यात एक मोजणारं चाक हाय. सांधा किती वळला, ते चाक सांगतं आणि पलीकडची पेटी लिहून ठेवते. लाल बटण दाबलं की शिकायचं चालू. तेव्हा एका कसबी रंगाऱ्यानं हाताला धरून एक कपाट रंगवायचं. कुठं वळला, कुठं थांबला, घोडा कधी दाबला, कधी सोडला, पेटी सगळं लिहिणार. मग हिरवं बटण दाबलं की हात जसंच्या तसं करणार. जन्मभर.

दिगूनं विचारलं, “कपाट तिरकं उभं केलं तर?”

“तरी तसंच करणार.”

“कपाट ठेवलंच न्हाई तर?”

“हवेला रंग देणार. त्याला डोळे नाहीत.”

दिगू मान डोलवत म्हणला, “म्हणजे त्येला कळत काहीच न्हाई. नुसतं आठवतंय.” इंजिनिअर खूश झाले. “तुंबा चेन्नागिदे!” म्हणजे लई छान, असं म्हणून त्याची पाठ थोपटली. मला काही कळलं न्हाई, पण मी दिगूपेक्षा जास्त मान डोलवली.

मग शेटजीनं मला आणि दिगूला बाजूला घेतलं. गोड बोलून सांगितलं, “देखो किसन, मशीन सीख गई तो एकच पेंटर बस. नहीं सीखी तो मशीन वापस.”

आलं लक्षात? दोघांतल्या एकाची भाकरी त्या हातावर टांगलेली. मी दिगूला कोपऱ्यात नेऊन म्हणलो, “तू घोर करू नको. दोघांची नोकरी वाचवतो. त्येला शेवटचा हात शिकवतच न्हाई बघ!” मला हे सांगायला लाज बी वाटली न्हाई.

दुसऱ्या दिवशी शिकवणी. लाल बटण दाबलं. बंदूक त्या लोखंडी मनगटाला बांधलेली, मी त्या हाताला धरून कपाट रंगवायला लागलो. पहिला हात झाला, दुसरा झाला. मधी एक माशी आली, नाकाजवळ घोंघावायला लागली. हातात बंदूक, मग कशानं हाकलणार? बंदुकीनंच हाकलली. दोनदा. मग पँट घसरायला लागली, तर एका हातानं पँट वर ओढली, दुसरा हात आपसूक वर गेला. चालायचंच, माणूस हाय! आता शेवटच्या हाताची वेळ आली, आणि सवयीनं माझ्या तोंडातनं निघालं, “जा, चहा घेऊन ये.” दिगू गेला बिचारा. पण मशीन? मशीन तिथंच! त्येला कुठं पिटाळणार? त्येचा खांब सिमेंटात रोवलेला. म्हणून मी तिथंच थांबलो, कोपरे तसेच सोडले आणि इंजिनिअरला म्हणलो, “झालं.”

सकाळी सगळा कारखाना बघायला जमला. हिरवं बटण दाबलं. हात उठला, डौलात दोन हात मारले, मग थांबला आणि हवेत दोनदा झटका दिला. माशी नव्हतीच! मग एकदम वर गेला, पँट ओढल्यासारखा. लोक हसून हसून खाली बसले. दुसरं कपाट आलं. पुन्हा माशी! पुन्हा पँट! दुपारपर्यंत त्यानं वीस बावीस माशा हाकलल्या. आणि प्रत्येक कपाटाच्या कोपऱ्याला हे एवढाले ओघळ.

मी मनात खूश. आता जातंय परत!

शेटजी आले. ओघळांवरून बोट फिरवलं, बोट रंगलं. इंजिनिअरला झापायला लागले. इंजिनिअर गरीबावानी म्हणले, “सर, मशीन आपल्या मनानं काही करत नाही. जो हात दिला तोच हा हात आहे.”

शेटजी माझ्याकडं वळले. “यानी ये तेरा हाथ है? इत्ते बरस तू यही करता था क्या रे?”

वेल्डिंगवाले फिदीफिदी हसायला लागले. कुणीतरी मागनं ओरडलं, “किसनअण्णा, माशा मारायचा पगार घेतात!”

माझ्या कानातनं वाफ निघायला लागली. दिगू जवळ आला, दंडाला धरून हळूच म्हणला, “दाजी, गप ऱ्हावा. ह्ये आजच्या दिवसाचं हाय. चार शिव्या खावा, मशीन परत जाऊ द्या. दोघांची लेकरं जगतील.”

बरोबर बोलला का न्हाई? तुम्हीच सांगा! एक दिवस येडं व्हायचं होतं. फक्त एक दिवस. कुणाला बी जमलं असतं. मला जमलं न्हाई.

“बाजूला व्हा!” मी ओरडलो. “माझा हात बघायचाय? बघा मग! जन्मात बघितला नसंल!”

बंदूक घ्यायला गेलो तर ती अजून त्या मशीनच्याच मनगटाला बांधलेली. म्हणलं, असू दे! धरलं लोखंडी मनगट. इंजिनिअर बिचारे म्हणायलेत, “अण्णा, एक मिनिट, मी बटण बंद…” आणि मी? मी काय म्हणलो असेन?

“बंद कशाला? दाबा ते लाल बटण! तुमच्या मशीनला बी कळू द्या, रंग कशाला म्हणतात!”

दाबलं त्यांनी. मीच सांगितलं होतं की!

आणि मग मी रंगवलं. त्या दिवशी माशी नव्हती, का असूनही कळली न्हाई, देव जाणे. एक हात. दुसरा हात. दोनशे डोळे माझ्यावर. दिगू मागनं म्हणायलाय, “दाजी… दाजी…” मी ऐकतोय कुठं? वीतभर मागं आलो, चवड्यावर उभा राहिलो, कोपऱ्याशी मनगट उलटं वळवलं, कडेच्या आधी घोडा सोडला. असा हात मी आयुष्यात मारला नव्हता! आणि एवढ्यावर थांबावं की न्हाई? न्हाई! कुणी विचारलं नसताना वर सांगून टाकलं, “थिनर किती घालायचा तेबी लिहून घ्या! उगाच पुन्हा माझ्या नावानं ओरडू नका!”

शेटजीनं दारात बघितलं, खिशातनं फणी काढली आणि मिशी विंचरली. टाळ्यांचा नुसता पाऊस. वेल्डिंगवाल्यानं येऊन पाय धरले. मी बी दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. नाटक संपल्यावर राजा करतो ना, तसा. गर्दीत दिगू कुठं दिसला न्हाई.

मग इंजिनिअरनी दुसरं कपाट लावलं आणि हिरवं बटण दाबलं.

हातानं रंगवलं. वीतभर मागं गेला. कोपऱ्याशी वळला, उलटा. कडेच्या आधी सुटला. तिसऱ्या कपाटाला तसंच. चौथ्याला तसंच. माझंच मनगट, माझाच घोडा, आणि मी बाजूला फडकं धरून उभा. टाळ्या वाजवायला कुणी थांबलं बी न्हाई, सगळे आपापल्या कामाला गेले. मला तिथं पहिल्यांदा घाम फुटला. उस्तादांच्या शेडमध्ये आरशात बघून चोरलेला हात, घरच्या माणसापासनं सहा वर्षं लपवलेला हात, मी एका दुपारी फुकट वाटून टाकला. त्योबी कुणाला? ज्याला तोंड न्हाई त्याला!

मशीन राहिलं. महिनाअखेर काम बंद, असा दिगूला सांगावा मिळाला. आणि मला? मला ठेवलं की! मशीनच्या टाकीत रंग भरायचा, थिनर घालायचा, बंदुकीचं तोंड पुसायचं. पगार तोच. एकदा इंजिनिअर जाता जाता म्हणले, “अण्णा, आता तुम्हाला आराम.” माझ्या जागी तुम्ही असता तर त्यांना काय म्हणला असता, ते इथं बायामाणसं बसलीत म्हणून बोलत न्हाई.

घरी शांतानं बोलणंच टाकलं. ताट आपटून ठेवायची. सासरवाडीला तोंड दाखवायची सोय राहिली न्हाई.

त्यात दिगूचं नवीनच चालू झालं. जेवणाची सुट्टी झाली की माणसं डबे उघडायची, मशीनचं काम मात्र चालूच असायचं. दिगू डबा सोडून त्या मशीनच्या समोर जाऊन उभा राहायचा. एकटाच. मशीनचा हात हलला की ह्येचा रिकामा हात हलायचा. मशीन मागं गेलं की ह्यो मागं. तोंडानं काहीतरी पुटपुटायचा. एक दिवस झालं, दोन दिवस झाले, आठवडा झाला.

मी घाबरलो. शांताला म्हणलो, “तुझ्या भावाच्या डोक्यावर परिणाम झालाय. मशीनसमोर उभारून हातवारे करायलाय. शाप द्यायलाय बहुतेक त्येला.”

“त्येला शाप देऊन काय व्हायचंय?” शांता कडाडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली ती! “द्यायचा तर तुम्हाला द्यावा! माझ्या भावाला तुम्ही येडं केलाव. जावा, आतातरी शिकवा त्याला. दुसऱ्या गावी जाऊन पोट भरंल.”

गेलो. मनातनं गेलो, खोटं न्हाई सांगत. म्हणलं, “दिगू, चल, शेवटचा हात दाखवतो. आज चहा मी आणतो.”

त्यानं मशीनवरनं नजर बी काढली न्हाई. म्हणला, “ऱ्हाऊ द्या दाजी. आता कशाला?”

लागलं मला ते. त्या दिवशी भाकरी गोड लागली न्हाई. मी म्हणलो, चिडलाय, आणि चिडंल न्हाई तर काय करंल? सहा वर्षं मागत होता तेव्हा दिलं न्हाई आणि आता हात जोडून द्यायला निघालोय.

महिना भरला. दिगू हैदराबादला गेला. तिथं बसगाड्यांच्या बॉड्या बांधणारं एक वर्कशॉप हाय, तिथं रंगाऱ्याची परीक्षा घेतात. मी शांताला म्हणलो, “मनाची तयारी ठेव. शेवटचा हात आल्याबिगर तिथं कुणी उभं करत न्हाई.” तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

चौथ्या दिवशी दिगू आला. हातात बिस्किटांचा पुडा, अंगात नवा शर्ट. दारातनंच ओरडला, “अक्का, लागलो कामाला! हेल्पर न्हाई, पेंटर!”

शांता रडायला लागली. मी उठून उभा राहिलो. “अरे पण परीक्षेत शेवटचा हात मारायला लावतात की!”

“लावले की. मारलो.”

“तुला कुठनं येतो?”

दिगू ओट्यावर बसला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला सोसवंना. “दाजी, मशीन दिवसातनं चाळीस चाळीस डाव दाखवायचं की. कंटाळत न्हाई, वैतागत न्हाई, पाठ करून उभारत न्हाई. मी कपाटाच्या त्या अंगानं थांबून मनगट बघितलो. पंधरा दिवसांत बसला हात.”

म्हणजे ह्यो येडा झालेलाच नव्हता! तोंडानं पुटपुटत होता ते शाप नव्हते, मोजणी होती. कड यायच्या आधी किती मोजून घोडा सोडायचा, त्याची!

आता तुम्ही म्हणाल, किसन, तू गप्प बसला असशील. मी? मला वाटलं, काही झालं तरी हात माझाच ना? मशीनमधनं का होईना, गेला तर माझ्या घरातच! छाती फुगवून मी विचारलं, “मग त्यांनी विचारलं असंल की, तुझा उस्ताद कोण म्हणून? रंगाऱ्याला पहिलं तेच विचारतात.”

“विचारले की. ‘तेरे उस्ताद कौन?’ म्हणले. मी म्हणलो, परदेशी हायत. तर खुर्ची दिले बसायला.”

“आणि माझं नाव?”

दिगूनं बिस्किटाचा पुडा फोडला, एक मला दिलं.

“तुमचं बी सांगितलो की, दाजी. म्हणलो, त्येंच्या हाताखाली रंग भरायला असतेत.”